औषध मंजूर करून घ्यायला धडपडणारी माणसं आपल्याच साहेबांवर नाराज का असतात?

मुंबई-पुण्यात घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं की एक जण पेशंटजवळ थांबतो आणि दुसरा टीपीएच्या, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीपाशी. प्री-ऑथ, म्हणजे आधीच्या मंजुरीचा अर्ज, गेलं का, क्वेरी काय काढली, किती मंजूर झालं, ह्या चौकशांतच त्याचा दिवस जातो. लोकांचे हे हाल इतके वाढले की मे 2024 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयला विमा कंपन्यांसाठी नियम घालावा लागला: कॅशलेसची परवानगी एका तासात द्या आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत.

अमेरिकेत अशी खिडकी फक्त ऑपरेशनपुढे नसते, बहुतेक महागड्या औषधांपुढे असते. आणि त्या खिडकीशी दवाखान्याच्या बाजूने कसं झुंजायचं हे शिकवायला औषध कंपनीनेच पगार देऊन नेमलेला एक माणूस असतो. त्याच्या पदाचं नाव फील्ड रिइम्बर्समेंट मॅनेजर (रिइम्बर्समेंट म्हणजे विम्याकडून मिळणारी खर्चाची भरपाई), बोलताना सगळे एफआरएम म्हणतात. नावात मॅनेजर असलं तरी त्याच्या हाताखाली बहुतेकदा कुणी नसतं. गाडी, लॅपटॉप आणि दोन-तीन राज्यांत पसरलेले दवाखाने, एवढाच त्याचा संसार.

न्यू जर्सीतल्या एका संधिवाताच्या दवाखान्यात मी सात वर्षं बिलिंगचं टेबल सांभाळलं. ही माणसं माझ्या टेबलापलीकडच्या खुर्चीत येऊन बसायची. पगार चांगला, शिक्षण चांगलं, बरेच जण बी. फार्म. किंवा नर्सिंग करून आलेले, कामावर मनापासून जीव. तरीही दोन-तीन वर्षांत माणूस बदललेला दिसायचा. का सोडलं म्हणून विचारलं की पगार, प्रवास वगैरे नंतर यायचं. आधी यायचे ते वरिष्ठ. ही नाराजी एखाद्या खडूस साहेबापुरती नाही, ती ह्या नोकरीच्या घडणीतच आहे. ती समजायची तर आधी पैशांची वाट समजून घ्यायला हवी.

आपल्याकडे डॉक्टर चिठ्ठी लिहितात आणि आपण मेडिकलमधून औषध आणतो. अमेरिकेत गोळ्यांचं साधारण तसंच आहे. पण सलाइनसारखी शिरेतून द्यायची औषधं, म्हणजे कॅन्सरची, संधिवाताची, एमएस ह्या मज्जासंस्थेच्या आजाराची, पुष्कळदा दवाखान्यालाच आधी स्वतःच्या पैशाने विकत घ्यावी लागतात. ती फ्रीजमध्ये ठेवायची, पेशंटला द्यायची आणि मग विमा कंपनीकडे बिल पाठवायचं. ह्याला तिथे ‘बाय अँड बिल’ म्हणतात.

पासष्टीच्या पुढच्यांसाठी असलेल्या सरकारी मेडिकेअरचा हिशोब पाहा. 2005 पासून मेडिकेअर अशा औषधाची सरासरी विक्री किंमत आणि वर 6 टक्के असा दर देतं. 2013 पासून मेडिकेअरच्या वाट्यावर 2 टक्के कपात लागली. कोविडच्या काळात ती थांबवली होती, नंतर पुन्हा सुरू झाली. म्हणजे सरासरी किंमत 10,000 डॉलर असेल तर दर ठरतो 10,600. त्यातले 2,120 पेशंटने किंवा त्याच्या जोडविम्याने द्यायचे. उरलेल्या 8,480 मधून 2 टक्के कापून मेडिकेअर साधारण 8,310 देतं. बेरीज होते 10,430. औषध सरासरी किमतीलाच मिळालं असं धरलं तर दहा हजार अडकवून हातात वरचे 430 डॉलर, आणि त्यातून फ्रीज, जागा, बिलिंगवाल्यांचा पगार. आता ह्यातला एकच क्लेम कायमचा नामंजूर झाला तर काय? गेलेले दहा हजार भरून काढायला आणखी चोवीस पेशंटचं सगळं बिल बिनबोभाट पास व्हावं लागतं. छोट्या दवाखान्याचं त्यात कंबरडं मोडतं.

म्हणून डॉक्टर बिचकतात. औषध पेशंटला लागू पडेल हे दिसत असतं, तरी नवीन औषधाला हात लावायला नको वाटतं. औषध कंपनीच्या विक्रेत्याने कितीही रंगीत पुस्तिका दाखवल्या तरी बिलिंगचं टेबल ‘नको’ म्हणालं की विषय संपतो. औषध कंपनीला हे कळलं आणि एफआरएम हे पद जन्माला आलं.

खासगी विम्याची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे औषध द्यायच्या आधीच परवानगी लागते. आधी स्वस्तातलं औषध देऊन पाहा, ते लागू पडलं नाही असं सिद्ध करा, मग हे मागा, असा पायऱ्यांचा नियम असतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 2024 च्या पाहणीत एका डॉक्टरमागे आठवड्याला सरासरी 39 परवानग्या आणि त्यापायी डॉक्टर व कर्मचाऱ्यांचे मिळून 13 तास असा आकडा आला होता. सरकारने जानेवारी 2024 मध्ये सरकारी योजना चालवणाऱ्या विमा कंपन्यांना उत्तराची मुदत घालून दिली: तातडीच्या प्रकरणी 72 तास, एरवी सात दिवस, 2026 पासून लागू. पण त्या नियमातून औषधं वगळलेली आहेत. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, कारण आमच्या टेबलावरचा बहुतेक ढीग औषधांचाच होता.

आता ती खुर्चीतली व्यक्ती नेमकं काय करते ते एका प्रसंगातून सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट ह्याच प्रसंगात आहे.

आमच्याकडे एक नवीन औषध सुरू झालं होतं. नव्या औषधाला सुरुवातीचे काही महिने स्वतःचा बिलिंग कोड नसतो. मग बिल ‘जे3590’ ह्या सरसकट कोडखाली पाठवायचं आणि औषधाचं नाव, मात्रा, खोक्यावरचा एनडीसी, म्हणजे औषधाचा ओळख क्रमांक वेगळा लिहायचा. एका पेशंटचे ओळीने दोन क्लेम परत आले. कारण दिलं होतं ‘क्रमांक अवैध’. आम्ही तिघींनी डोळ्यांत तेल घालून क्रमांक तपासला, खोक्याशी जुळत होता. शेवटी त्या कंपनीच्या एफआरएमला फोन लावला. ती मूळची सांगलीची, इथे येऊन पंधरा वर्षं झालेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली.

तिने रिकामं खोकं हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि क्रमांकाखाली पेनाचं टोक फिरवत म्हणाली, “खोक्यावर अंक दहा आहेत, बघ. पाच, तीन, दोन. क्लेमवर अकरा लागतात, पाच, चार, दोन. शून्य कुठे घातलं आहेस?” आमच्या नव्या मुलीने शून्य सगळ्यात शेवटी घातलं होतं. अंक अकरा भरले म्हणून संगणकाने तक्रार केली नाही. शून्य घालायला हवं होतं मधल्या तीन अंकांच्या आधी. एका शून्याच्या जागेपायी दवाखान्याचे हजारो डॉलर सात आठवडे अडकले होते आणि पेशंटचा पुढचा डोस पुढे ढकलला गेला होता.

मला लख्ख आठवतात ते तिचे हात. मी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला तर तिने हात मागे घेतले. “मला नाही चालत गं. मी समजावू शकते, भरू शकत नाही. भरायचं तूच.” फॉर्म भरायचा नाही, आजाराचा कोड सुचवायचा नाही, क्लेम नक्की पास होईल असं म्हणायचं नाही. त्या दुपारी ती दीड तास बसली, जुने आणखी चार क्लेम आमच्याकडून तपासून घेतले, जुलै 2023 पासून मेडिकेअरने सक्तीचं केलेलं ‘जेझेड’ हे चिन्ह (कुपीतलं औषध वाया गेलं नाही असं सांगणारं) कुठे राहून गेलंय तेही दाखवलं. निघताना बूट घालता घालता सहज बोलली, “आज अख्खी दुपार तुझ्याकडे गेली. वर ह्याची नोंद ‘एक भेट’ अशी जाईल. साहेब विचारतील, बाकीच्या पाच कुठे आहेत?”

तिने हात मागे का घेतले ते आता पाहू, म्हणजे साहेबांच्या प्रश्नातली गोची कळेल.

अमेरिकेत 1972 पासून लाचबंदीचा कायदा आहे. सरकारी विम्यातून पैसे मिळणारं औषध लिहून द्यावं म्हणून डॉक्टरला काहीही मोलाचं देणं हा गुन्हा. रोख पैसेच नव्हेत, फुकटचा कारकूनही त्यात येऊ शकतो. 2003 साली आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने औषध कंपन्यांना मार्गदर्शन केलं. त्याचा मथितार्थ असा की आपल्याच औषधाच्या बिलाबद्दल मर्यादित मदत केली तर तिला डॉक्टरच्या दृष्टीने स्वतंत्र किंमत नाही, म्हणून ती सहसा चालते. पण पैसे मिळण्याची हमी देऊन डॉक्टरचा आर्थिक धोकाच काढून घेतला तर ती लाच ठरू शकते. शिवाय पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा 1996 चा कायदा आहेच. एफआरएम पेशंटच्या विम्याची, आजाराची माहिती पाहू शकते ती परवानगीने. तीच माहिती विक्रेत्याच्या कानावर घालणं तिला परवडणारं नसतं.

म्हणून कंपन्यांनी विक्री आणि रिइम्बर्समेंट ह्यांच्यामध्ये भिंत घातली. एफआरएम विक्री खात्यात नसते, ‘मार्केट अ‍ॅक्सेस’ किंवा ‘पेशंट सर्व्हिसेस’ नावाच्या वेगळ्या खात्यात असते. औषध किती चांगलं आहे ह्यावर तिने बोलायचं नाही, ते विक्रेत्याचं काम. विक्रेत्याने बिलाच्या तपशिलात शिरायचं नाही, ते हिचं काम.

आता साहेबांच्या खुर्चीत बसून बघा. तुमच्या माणसाचं काम चांगलं झालं हे कशावरून ओळखाल? विक्री वाढली ह्यावरून ओळखलं आणि बोनस त्याला बांधला, तर भिंतीला भगदाड पडलं. मग मदत ही विक्रीसाठीच होती असं म्हणायला सरकारी वकील मोकळा. क्लेम किती पास झाले ह्यावरून मोजलं तर तो निर्णय विमा कंपनीचा, आणि शिवाय खोटेपणाला आमंत्रण. मग उरतं काय? भेटींची संख्या. दिवसाला किती दवाखाने, आठवड्याला किती फोन, सिस्टिममध्ये नोंद किती तासांत केली. सांगलीच्या माझ्या मैत्रिणीची दीड तासाची भेट आणि दुसऱ्या कुणी दारातून डोनट देऊन केलेली पाच मिनिटांची भेट, दोन्हींची किंमत एकच.

ह्या खात्यांतले पुष्कळ वरिष्ठ विक्रीतून वर आलेले असतात. ती माणसं वाईट नसतात. पण आयुष्यभर त्यांनी ‘आज कितींना भेटलास’ हाच प्रश्न ऐकलेला असतो. आपल्याकडच्या एमआरलाही, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीलाही, तो प्रश्न पाठ आहे. एमआरच्या बाबतीत त्या प्रश्नाला निदान काही अर्थ तरी आहे, दहा डॉक्टरांना भेटला तर दहांच्या कानावर औषधाचं नाव पडतं. अडकलेला क्लेम सोडवणाऱ्या माणसाला तो प्रश्न विचारणं म्हणजे शिंप्याला ‘दिवसात किती घरी गेलास’ असं विचारणं. कापड बेतलंय कसं, शिवलंय कसं, ते साहेबांना पाहताच येत नाही, कारण त्यांनी स्वतः कधी क्लेम शिवलेला नसतो. माझ्या समोर बसलेल्या प्रत्येकीच्या बोलण्यात हे एक वाक्य फिरून फिरून आलं: मी काय करते हेच त्यांना कळत नाही.

दुसरं दुखणं ह्याहून खोल आहे. लेखी एक आणि तोंडी दुसरं. दर वर्षी एफआरएमला तासन्‌तासांचं प्रशिक्षण मिळतं: भिंत ओलांडायची नाही, सही करा. आणि मग तिमाही संपायला आली की फोन येतो. अमुक दवाखान्यात विक्री खाली आहे, जरा जाऊन या. विक्रेत्याला बरोबर घेऊन जा. त्या डॉक्टरांचे किती पेशंट मंजुरीत अडकलेत ते विक्रेत्याला ‘ढोबळ’ सांगून ठेवा. ह्यातलं काहीही ईमेलवर येत नाही. उद्या चौकशी झाली तर लेखी पुरावा साहेबांच्या बाजूने आणि सही आपली. नोकरीवर असलेल्या माणसाला ह्याचा जो ताण येतो तो मी जवळून पाहिला आहे. एक जण आमच्याकडे विक्रेत्याबरोबर आला तेव्हा अख्खा वेळ तो माझ्याऐवजी दाराकडे बघत होता. तो विक्रेता बाहेर गेल्यावरच त्याने वही उघडली.

हा ताण निव्वळ मनाचा खेळ नाही, हे इन्सिस थेराप्युटिक्स ह्या अ‍ॅरिझोनातल्या कंपनीच्या खटल्यात सगळ्या देशाने पाहिलं. तिचा फेंटानिलचा तोंडात मारायचा फवारा होता, सबसिस. 2012 साली त्याला परवानगी मिळाली ती कॅन्सरच्या पेशंटच्या अचानक उसळणाऱ्या वेदनांसाठी. विमा कंपन्या इतरांना तो मंजूर करत नव्हत्या. कंपनीने स्वतःचं रिइम्बर्समेंट केंद्र काढलं. तिथले कर्मचारी विमा कंपनीला फोन लावून आपण डॉक्टरच्या दवाखान्यातून बोलतोय असं भासवत आणि पेशंटला कॅन्सर आहे असा समज करून देत. मे 2019 मध्ये बोस्टनच्या न्यायालयात संस्थापक जॉन कपूर आणि चार वरिष्ठ अधिकारी दोषी ठरले. कपूरला जानेवारी 2020 मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. ती फोनवरची माणसं कचेरीत बसणारी होती, गाडी घेऊन फिरणारी नव्हेत. पण मंजुरी आणा, कशी ते विचारू नका, हा वरून आलेला दाब जातो कुठे हे त्यातून स्पष्ट दिसलं. त्या खटल्यानंतर आमच्याकडे येणारे एफआरएम शब्द जपून वापरायला लागले. त्यांचे साहेब आणखी नियम पाठवायला लागले, आणि भेटींचा आकडा मात्र होता तिथेच राहिला.

ह्या नाराजीला अमेरिकेत कायद्याची एक वाटही आहे. लिंकनच्या काळातला, 1863 चा फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट. सरकारच्या पैशाची फसवणूक आतल्या माणसाने उघड केली आणि पैसे वसूल झाले तर वसुलीतला 15 ते 30 टक्के वाटा त्याला मिळू शकतो. औषध कंपन्यांवरचे कितीतरी मोठे खटले अशा आतल्या माणसांनीच सुरू केलेले आहेत. पण ती वाट लांबची आणि एकट्याने चालायची. वर्षानुवर्षं खटला सीलबंद राहू शकतो, त्यावर उघड बोलता येत नाही. बहुतेक जण ती धरत नाहीत, नोकरी बदलतात.

बाकीच्या तक्रारी ह्या दोन दुखण्यांच्या फांद्या आहेत. पेशंटच्या विम्याची चौकशी करायला कंपनीने ‘हब’ नावाचं फोन-केंद्र नेमलेलं असतं, बऱ्याचदा बाहेरच्या कंत्राटदाराकडे. तिथे फॅक्स हरवला, चुकीचं उत्तर गेलं, की दवाखान्यातली बाई चिडते ती समोर दिसणाऱ्या एफआरएमवर. मीही चिडले आहे, आणि नंतर वाईट वाटलं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये दवाखान्यांचे क्लेम विमा कंपन्यांकडे पोचवणाऱ्या चेंज हेल्थकेअर ह्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि देशभरातले क्लेम ठप्प झाले, तेव्हाही शिव्या खायला हीच माणसं समोर होती. त्यांच्या हातात दुरुस्त करण्याजोगं काहीच नव्हतं.

शिवाय नोकरीचा भरवसा. औषध बाजारात यायच्या आधी घाईने भरती होते, औषधाला स्वतःचा कोड मिळाला, दवाखान्यांना सवय झाली, की ‘पुनर्रचना’ होते. काम जितकं चांगलं केलं तितकी आपली गरज संपली, असा हा प्रकार. कित्येक जण तर कंपनीचे नोकरही नसतात, कंत्राटी संस्थेचे असतात. व्हिजिटिंग कार्डावर औषध कंपनीचं नाव, पगाराच्या चिठ्ठीवर दुसऱ्याचं. नाराजी सांगायची कुठल्या साहेबांना, हाही प्रश्नच.

मी सगळा दोष वरिष्ठांच्या माथी मारणार नाही. त्यांनाही वरून दर सोमवारी विचारलं जातं की ह्या खात्यावर इतका खर्च होतो, त्यातून मिळतं काय. उत्तर खरं द्यावं तर विक्रीत द्यावं लागतं आणि ते द्यायला वकील मनाई करतात. पण ह्याच चौकटीत राहून नीट वागणारी एक बाई मी पाहिली. ती एका कंपनीची प्रादेशिक प्रमुख होती. आमच्याकडे आली तेव्हा तिने भेटी मोजल्या नाहीत. कोपऱ्यात खुर्ची ओढून पूर्ण दुपार बसली, आपली एफआरएम कसं समजावते ते ऐकलं, आणि जाताना मला विचारलं, “हिने दाखवलेली चूक तुमच्याकडे पुन्हा होते का?” बारा वेगवेगळे एफआरएम मी पाहिले. त्यांतली तिच्या हाताखालची ही एकच साडेचार वर्षं टिकली.

न्यू जर्सीतल्या एडिसन, प्लेन्सबरो भागात औषध कंपन्यांत काम करणारी मराठी माणसं खूप आहेत, आणि फार्मसी शिकलेली मुलं मला ह्या नोकरीबद्दल विचारतात. मी त्यांना नको म्हणत नाही. अडकलेलं औषध पेशंटपर्यंत पोचतं तेव्हाचं समाधान खरं असतं. मुलाखतीत मात्र पगाराआधी काही गोष्टी विचारून घ्या. आपला साहेब कुणाला उत्तर देतो, विक्रीप्रमुखाला की दुसऱ्या कुणाला. बोनस कशावर ठरतो ते लेखी मिळेल का. राज्यं किती, दवाखाने किती. नेमणूक कंपनीची की कंत्राटाची. ह्या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेलं. आणि साहेबांना हळूच विचारा, तुम्ही स्वतः शेवटचा नामंजूर क्लेम कधी हातात घेऊन वाचला होता?